पंखे बंद ठेवायचे दिवस

पाऊस संपला की थंडी यायच्या आधी डोंबिवलीत एक लांबलचक मधला काळ असतो. त्याला उन्हाळा म्हणता येत नाही, हिवाळा तर नाहीच. देवीचे मांडव उतरतात, बांबू रस्त्याच्या कडेला पडून राहतात, खड्ड्यांतला चिखल वाळून त्याची धूळ होते आणि ती खिडकीच्या गजांवर, तुळशीच्या पानांवर, माझ्या चष्म्यावर बसते. सकाळी आंघोळ करून साडीची निरी खोचेपर्यंत पुन्हा आंघोळ करावीशी वाटते. आणि मग एके दिवशी नाक्यावर तो फलक लागतो: भव्य रंगावली प्रदर्शन. दरवर्षी तीच अक्षरं, तोच मोर, तेच हात जोडून हसणारे चेहरे. लोकांना तो फलक बघून दिवाळी जवळ आली असं वाटतं. मला कुठेतरी टेकावंसं वाटतं.

यंदा फलक लागायच्या आधीच भारतीचा फोन आला. भारती आमच्या इमारतीच्या मागच्या बंगल्यात राहते. मानपाड्याच्या बाजूची ही सगळी जमीन एकेकाळी तिच्या सासऱ्यांच्या भाताची होती. आता त्या भातात आम्ही राहतो आणि इमारतीला सासऱ्यांचं नाव आहे. ती रांगोळी काढते. दारातली, ठिपक्यांची नव्हे. शाळेच्या सभागृहात फरशीवर माणसाच्या उंचीची चित्रं काढतात ना, चिमटीतून रंगाची पूड सोडून अगदी डोळ्यांतल्या पाण्यासकट माणूस उभा करतात, तसली.

"ताई, अप्पांचा फोटो दे," ती म्हणाली. "ह्या वर्साला अप्पांना काढते."

अप्पा म्हणजे माझे वडील. ते मागच्या शिमग्याच्या सुमारास गेले.

"बघते," मी म्हटलं.

"बघते नको. डॉक्टरनी सांगलंय, यापुढं खाली बसायचा नाय. गुडघं पार गेलं माजं. ह्यो माजा शेवटचा चित्र, तो मना अप्पांचाच पायजे. नायतर मोर काढून मोकली होते."

तेव्हापासून मी 'बघते'वरच आहे. फोटो शोधायला वेळ लागतो असं काही नाही. मोबाइलमध्ये अप्पांचे ढीगभर फोटो आहेत आणि त्यातल्या प्रत्येकात ते फोटो काढणाऱ्यावर चिडलेले आहेत. धाकटा भाऊ नंदू ठाण्याहून फोनवर म्हणाला, "ताई, एक फोटो तर फॉरवर्ड करायचाय. एवढं काय त्यात?" त्याला सांगून समजलं असतं असं नाही, म्हणून सांगितलं नाही. फोटो दिला तर चित्र होईल, आणि चित्र झालं तर ते शेवटच्या दिवशी पुसावं लागेल. एवढंच त्यात आहे.

चित्रांतलं मला काही कळतं असा माझा दावा नाही. ठाण्याला सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेली बाई मी. पण चित्रं बघत मात्र आले. आमच्या घरात चित्र म्हणजे किराणा दुकानदाराने दिलेलं कॅलेंडर. त्यावरची लक्ष्मी इतकी टवटवीत असे की वर्ष संपलं तरी आई ते फेकू द्यायची नाही, तारखांचा भाग कापून लक्ष्मी भिंतीवर ठेवायची. अशा आमच्याकडे एका वेळी बऱ्याच लक्ष्म्या होत्या. त्यातल्या एकीचे डोळे किंचित तिरके होते. छापताना काहीतरी चुकलं असणार. मला तीच सगळ्यांत आवडायची, कारण ती कधीच माझ्याकडे बघत नसे आणि तिच्यासमोर अभ्यास न करता बसता यायचं.

पुढे कल्याणला एका गल्लीत फोटो मोठे करून रंगवून देणाऱ्याचं दुकान सापडलं. कामावरून मामाकडे जाताना मी तिथे रेंगाळायचे. काचेमागे ओळीने गेलेली माणसं मांडलेली असायची. म्हाताऱ्यांच्या गालांवर गुलाबी रंग, कोणाच्या अंगात आयुष्यात कधी न घातलेला कोट. बायांच्या ओठांवर एकसारखं हसू. तो रंगारी सगळ्यांना देखणं करायचा. मला ते खोटं वाटायचं आणि तरी पाय निघायचा नाही. आपल्या माणसाला एकदाचा चांगला कोट मिळावा, ही इच्छा काही वाईट नाही.

एकदा मैत्रिणीबरोबर मुंबईला मोठ्या दालनातलं प्रदर्शनही बघितलं. पांढऱ्या भिंती, गार हवा आणि कुजबुजत फिरणारी माणसं. एका कॅनव्हासवर नुसता राखाडी रंग होता, कोपऱ्यात तांबडा फराटा. मैत्रीण म्हणाली, यात एकटेपण आहे. मला त्यात मिठागरं दिसली. आमच्या खाडीकडची, पाऊस लागल्यावर सोडून दिलेली, वर आभाळ आणि खाली चिखल. मी तसं म्हटलं तर ती हसली. पण मला ते चित्र अजून आठवतं, म्हणजे चित्रकाराने काहीतरी बरोबर केलं असणार. तिथे बसायला एकच बाक होता आणि त्यावर पहारेकरी बसला होता, हेही आठवतं.

रंगांशी आमचं खरं नातं मात्र अप्पांकडून आलं. ते इथल्याच औद्योगिक वसाहतीत, कपड्यांचे रंग बनवणाऱ्या कंपनीत होते. आज कुठला माल निघाला हे आम्हाला ते घरी आले की कळायचं. कधी नखं निळी, कधी कानामागे पिवळं. आंघोळीचं पाणी मोरीतून जांभळं होऊन जायचं. त्यांचे कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी उशीच्या अभ्र्यावर त्यांच्या डोक्याचा हिरवा डाग कायम राहिला. आयुष्यभर रंगात बुडालेला हा माणूस बोलायला मात्र कोरडा. जेवण चांगलं झालं तर गप्प, बिघडलं तर 'हं'. आईला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "अगं" म्हटलं की ती यायची.

आणि ती यायची तेव्हा घामाने निथळत यायची. स्वयंपाकघरात पंखा नव्हता, गॅसची ज्योत फडफडते म्हणून. पोळ्या संपल्या की पदराने मान पुसत बाहेरच्या खोलीच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "जरा पंखा लावता का हो?" बटण अप्पांच्या खुर्चीमागे होतं. अप्पा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचे, "आत्ता तर बंद केला." मग कधी लावायचे, बहुतेक वेळा नाही. आई दारातच पदराने वारा घेत उभी राहायची. यावरून आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. पाणी भरावं, दूध तापवावं, तसं ते रोजचं होतं.

आई अप्पांच्या आधी काही वर्षं, श्रावणात गेली. त्या वर्षीचा आश्विन मला आठवतो तो असा: बाहेर हेच ऊन, हीच धूळ, आणि घरात आम्ही दोघं. अप्पा पेपर वाचायचे, मी कामाला जायचे, आल्यावर भात लावायचे. ते आईबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. तेराव्याला आलेल्या लोकांशीही पाणीटंचाईवर बोलले. आईचा हार घातलेला फोटो मी भिंतीवर लावला, तर त्यांनी आपली खुर्ची अशी फिरवून घेतली की भिंत पाठीमागे जावी. मला राग यायचा. एवढ्या वर्षांच्या संसाराचं या माणसाला काहीच नाही का, असं वाटायचं. पण रागवायलाही ताकद लागते. आईच्या आजारपणात माझी होती नव्हती ती खर्च झाली होती.

तेव्हाच भारती आली होती. आईची आणि तिची दोस्ती होती. आई तिला भाजणी द्यायची, ती आईला बंगल्यामागच्या उरलेल्या जमिनीच्या तुकड्यातल्या वालाच्या शेंगा आणून द्यायची. भारतीची आजी लग्नघरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चौक काढायची, ते बघत ती वाढली. पुढे डोंबिवलीत एका सरांकडे माणसांचे चेहरे काढायला शिकली. घरच्यांना ते पटत नव्हतं. अंगावर एवढं सोनं असलेल्या बाईने फरशीवर बसून धुळीत का खेळायचं, असं तिची सासू म्हणायची. ती खेळत राहिली.

"काकूंचा फोटो दे गो ताई," ती म्हणाली. "हाराचा नको. तो काकू वाटतच नाय, पासपोर्ट वाटतो."

खरं होतं. आई कॅमेऱ्यासमोर नेहमी शपथ घेतल्यासारखी उभी राहायची. शेवटी नंदूच्या मुलीने मोबाइलवर काढलेला एक फोटो निघाला. दिवाळीचा, चकल्या तळतानाचा. आईचं लक्ष नव्हतं. केस विस्कटलेले, हिरवी सुती साडी, हातात झारा, वरच्या ओठावर घामाचे थेंब. ती कोणालातरी काहीतरी सांगत अर्धवट हसली होती. भारतीने तो फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "हा घाम काढायला मजा येल."

त्या वर्षी तिला पहिल्यांदा सभागृहातली मधली जागा मिळाली होती. तोवर तिला खांबामागची किंवा दाराजवळची जागा देत, जिथे लोक चपला शोधत उभे राहतात. मधल्या जागेवर सगळ्यांची नजर पडते, पाहुणे तिथे थांबतात, पेपरवाले तिथला फोटो घेतात. तिचा नवरा यायचं म्हणाला होता, सासूसुद्धा.

ज्यांनी ही प्रदर्शनं बघितली नाहीत त्यांना तिथल्या उकाड्याची कल्पना येणार नाही. पूड वाऱ्याने उडते, म्हणून सगळे पंखे बंद. खिडक्या बंद. आत दिवसभर माणसं पोटाखाली उशी घेऊन, कोपर टेकून फरशीवर वाकलेली. फरशीवर खडूने चौकटी आखायच्या, फोटोवर तशाच चौकटी आखायच्या, आणि एकेक चौकट रंगाने भरत जायचं. घाम चित्रावर पडू नये म्हणून कपाळाला पट्टी बांधायची. शिंक आली तर बाहेर पळायचं. बटणांच्या प्रत्येक फळीवर कागद चिकटवलेला: पंखा लावू नये.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी भारतीने आम्हाला बोलावलं. गर्दी व्हायच्या आधी अप्पांनी निवांत बघावं, हा तिचा विचार. अप्पा येतील असं मला वाटलं नव्हतं. ते शर्ट घालून आधीच दारात उभे होते.

आईचं चित्र मी बघितलं आणि सांगते, मला पहिल्यांदा भीती वाटली. आई फरशीवर निजून वर बघत होती. नाही, निजून नाही, उभी. चकल्या तळत उभी. केसांची बट कानामागे अडकवलेली, पण जराशी निसटलेली. हिरव्या साडीला पदराजवळ तेलाचा डाग. आणि ओठांवर, कपाळावर, गळ्याच्या खळगीत घाम. एकेक थेंब वेगळा, त्यात खिडकीचा उजेड. कल्याणच्या त्या रंगाऱ्याने आईला गुलाबी गाल दिले असते, भरजरी साडी दिली असती. भारतीने तिला तिचा घाम परत दिला होता. आजूबाजूचे दोघं-तिघं कलाकार म्हणत होते, "काय काढलंय! फोटोच!" मला त्यांचा राग आला. फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता आणि तो बघून मला कधी भीती वाटली नव्हती.

मला तिथे उभं राहवेना. मी पलीकडे जाऊन कोणाचातरी गणपती बघायला लागले. भारती हात धुवायला बाहेर गेली होती. अप्पा आईसमोर एकटे उभे होते, हात मागे बांधून, परीक्षकासारखे.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मला आधी आवाज आला. डोक्यावर काहीतरी कुरकुरलं, मग घुम् घुम् झालं. कोणीतरी किंचाळलं, "पंखा! पंखा कोणी लावला?" मी वळले तेव्हा अप्पा बटणांच्या फळीपाशी उभे होते, कागदाच्या बरोबर खाली बोट. पंखा बंद करेपर्यंत त्याचे मोजकेच फेरे झाले असतील. तेवढ्यात आईचं कपाळ उडालं. एक डोळा केसांत मिसळला. घामाचे थेंब सगळे गेले.

संयोजकांपैकी एक गृहस्थ धावत आले. "आजोबा, वाचता येतं की नाही? एवढं मोठं लिहिलंय!" पेपरातल्या निविदांच्या जाहिरातीसुद्धा वाचणारे माझे वडील मान खाली घालून उभे राहिले. मला वाटलं, आता ही फरशी दुभंगावी.

भारती ओल्या हातांनी आत आली. तिने चित्र बघितलं.

"कोणी लावला?"

"मी," अप्पा म्हणाले.

"का?"

अप्पा इतक्या हळू बोलले की मला पुढे सरकावं लागलं.

"तिला उकडत होतं."

अप्पांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं, भ्रम वगैरे काही नव्हता. ते चित्रासमोर उभे होते, बायको घामाने निथळत दारात आली होती, आणि त्यांनी उठून बटण दाबलं होतं. एवढ्या वर्षांत जे पेपर खाली ठेवून करायला हवं होतं ते त्यांनी त्या दिवशी केलं, आणि त्याने तीच उडून गेली. मला तेव्हा त्यांची इतकी दया आली की माझा तोवरचा सगळा राग कुठे गेला ते कळलं नाही. तो परत आलाही नाही.

भारती मात्र विरघळली वगैरे नाही. ती तरातरा व्हरांड्यात गेली. मागोमाग मी गेले. ती बाटली तोंडाला लावून पाणी प्यायली, आणि मग रडली, संतापाने. "माज्या पाठीचा भुगा झालाय ताई. उद्या सासू येनार. नेमकी उद्या!" तिने तोंड धुतलं, आत गेली आणि अप्पांसमोर बोट नाचवलं.

"अप्पा, तुमी आता हितंच बसायचा. पुरा होईपरेंत जायचा नाय. ही तुमची शिक्षा."

मी खुर्ची आणली. अप्पा बसले. भारती पोटाखाली उशी घेऊन पुन्हा वाकली आणि आईचं कपाळ भरायला लागली.

ती संध्याकाळ माझ्या सगळ्या बघण्यातली सगळ्यांत मोठी. बायकोचा चेहरा फरशीवर हळूहळू परत येताना बघत माझे वडील बसले होते आणि, आधी एक वाक्य, मग दुसरं, असे बोलायला लागले होते. "भुवई तिथे तुटलेली होती. उंबऱ्यावर पडली होती लहानपणी." भारतीने बोटाच्या टोकाने भुवई तोडली. "हसताना डावा गाल आधी वर जायचा." "तळणाला लागली की कोणाशी बोलायची नाही, पण मनाशी पुटपुटायची. तेल ऐकतं म्हणायची." मी माझ्या आईबद्दल पहिल्यांदाच असलं काही ऐकत होते. एवढं सगळं बघितलं होतं या माणसाने, पेपरच्या आडून! बाकीचे कलाकार आपापली कामं संपवून निघून गेले. आम्हा तिघांचे कपडे अंगाला चिकटले होते आणि पंख्याचं नाव कोणी काढलं नाही.

"घाम पुन्हा काढू ना अप्पा?" भारतीने विचारलं.

"काढ," अप्पा म्हणाले. "तो होताच."

दुसऱ्या दिवशी सासू आली. तिने काय म्हटलं ते भारतीने मला कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर तिच्या रंगांच्या डब्यांना बंगल्यात एक कपाट मिळालं. पंख्याची गोष्ट मात्र भारती अजून लग्नाकार्यात सांगत असते, पदर खोचून, अप्पांचा आवाज काढून, आणि शेवटी म्हणते: "लोकांच्या चित्राला लोक टाळ्या देतात. माज्या चित्राला पंखा लावला!"

प्रदर्शन चाललं तोवर अप्पा रोज जायचे. आणि मग शेवटचा दिवस आला.

या प्रदर्शनाची एक रीत आहे. चित्र ज्याचं त्यानेच ते पुसायचं, झाडू लावायचा नाही, हाताने. पण गेलेल्या माणसाचं चित्र असेल तर पहिला हात घरच्यांचा. दारं उघडतात, पंखे लावतात, लोक टाळ्या वाजवतात, आणि बघता बघता सगळे मोर, देव, पुढारी, नट्या एकमेकांत मिसळून एकच मळकट करडी पूड उरते. ती बादल्यांत भरतात.

अप्पा काठी माझ्या हातात देऊन खाली बसले. साडीच्या काठापासून त्यांनी सुरुवात केली. सावकाश, टेबल पुसावं तसं. तळहात हिरवा झाला. साडी गेली, झारा गेला, बांगड्या गेल्या. हनुवटीपाशी ते थांबले. बराच वेळ हात तसाच अधांतरी होता. मग म्हणाले, "शालन, तू कर. कंबर धरली माझी."

कंबर धरली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मी खाली बसले आणि आईचा चेहरा पुसला. तो तळहाताखाली खरखरीत लागला. इस्पितळातही मीच पुसायचे तो, ओल्या फडक्याने, रोज सकाळी. तेव्हा निदान ती डोळे मिटून घ्यायची. इथे डोळे उघडेच होते.

पुढच्या वर्षांत अप्पा म्हातारे होत गेले आणि सगळ्याच गोष्टी माझ्याकडे आल्या. त्यांची औषधं, त्यांचे हट्ट, शेवटी शेवटी त्यांचं अंग पुसणं. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. कोणीतरी करायचं असतं, मी होते. पण माझ्या हातांना आता माणसं पुसायची सवय झाली आहे आणि त्या सवयीचा मला फार थकवा आला आहे. चित्रं लोकांना का आवडतात, मला कळतं. गेलेलं माणूस थोडा वेळ परत येतं. मला आवडतात त्यापेक्षा जास्त ती मला दमवतात, कारण परत आलेल्याला पुन्हा निरोप द्यायचा असतो, आणि तो देणारी मीच असते. एकदा अप्पांना मी पोचवून आले. पुन्हा सभागृहाच्या फरशीवर, टाळ्यांच्या आवाजात, माझ्याने होणार नाही.

म्हणून काल संध्याकाळी मी ठरवून खाली गेले. फोनवर 'बघते' म्हणण्यापेक्षा तोंडावर नाही म्हणावं. भारती बंगल्याच्या पायरीवर पाय पसरून बसली होती, गुडघ्यांना तेल चोपडत. मला बघून तिने बाटली बाजूला ठेवली.

"नाय देत ना फोटो?"

"नाही गं," मी म्हटलं. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. बघवेल मला. पुसवणार नाही. आईच्या वेळी अप्पा होते, निदान अर्धं तरी त्यांनी केलं. आता पहिला हातही माझा आणि शेवटचाही. नंदू त्या दिवशी नेमकी मीटिंग काढेल. दमले गं मी."

आत तिच्या सासूचा टीव्ही चालू होता. मग भारती म्हणाली,

"तुला पुसायला कोन सांगतंय?"

"रीत आहे ना तुमची."

"रीत गेली खड्ड्यात. मी काढनार, मीच पुसनार. पयल्यापासून शेवटपरेंत. तू त्या दिवशी येवू पन नको. आधी ये. नुसती बघायला ये."

"नुसती?"

"नुसती. काय धरायचा नाय, काय उचलायचा नाय. खुर्ची मी ठेवते. बस आनि बग तुज्या बापाला."

मला रडू आलं. तिथेच पायरीवर, तिच्या तेलकट गुडघ्यांशेजारी. इतकी वर्षं मला कोणी कुठे बोलावलं की तिथे काहीतरी करायचं असायचं: सही करायची, उचलून बसवायचं, भरवायचं, डॉक्टरांशी बोलायचं, पुसायचं. काहीच करू नकोस, नुसती ये, असं मला कोणी म्हटलं नव्हतं. माझंही मला कधी सुचलं नव्हतं. भारतीने मला रडू दिलं. समजूत काढली नाही, पाणीही आणलं नाही. डासांना हात मारत बसून राहिली.

मग मी मोबाइल उघडला आणि अप्पांचे चिडलेले फोटो एकेक करून दोघींनी बघितले. त्यातल्या त्यात कमी चिडलेला एक तिने निवडला. बोटांनी मोठा करून म्हणाली, "नाक झकास हाय. नाकावर दोन दिवस जातील." मी तो तिला पाठवला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात प्रदर्शन आहे. नुसतं बघायला जायचं म्हणजे आपल्या हातांचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. पण जाणार आहे.